तीन नंबरच्या वाफ्यातली ओल

आमच्या शेतात ढोबळी मिरचीचे सहा वाफे आहेत आणि त्यातला तीन नंबरचा म्हणे फार तहानलेला. हे आमच्या लेकीच्या मोबाइलचं म्हणणं. ती दूरच्या शहरात शेतीच्या मोजमापांचंच काम करते. गेल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा तिने प्रत्येक वाफ्यात एकेक सेन्सर खोचला. वीतभर कांडी आणि वर एक डबी. मातीत ओल किती आहे ते तिला तिथे बसून दिसायचं. कमी झाली की लगेच फोन. "बाबा, तीन नंबरला पाणी सोडा."

पाणी सोडायला असा कितीसा वेळ लागतो? कॉक फिरवला की झालं. पण आमचे हे फोन कानाला लावून वाफ्याच्या कडेला बसकण मारायचे. पाण्यावरून गाडी तिच्या ऑफिसवर, ऑफिसवरून तिच्या पाठदुखीवर. घरात चार शब्द बोलताना ज्यांच्या जिवावर येतं, ते तिथे खुदुखुदु हसायचे.

एकदा मी मिरची तोडायला गेले, तर हे तीन नंबरचा सेन्सर उपटून हातात घेऊन बसलेले. रुमालाने कांडी पुसत होते आणि मांडीवर मोबाइल.

"काय चाललंय?"

"काही नाही. माती लागली होती."

"मातीत खोचलेल्या वस्तूला माती नाही लागणार तर काय मध लागणार?"

मग ओशाळून खरं बोलले. मागे यांनी सहज फोन केला, तेव्हा ती मिटिंगमध्ये होती. "बाबा, काही अर्जंट आहे का?" एवढंच म्हणाली, तेही प्रेमाने. यांनी ते मनाला लावून घेतलं आणि आपणहून फोन करणंच सोडलं. पुढे कधीतरी सेन्सर साफ करताना यांच्या लक्षात आलं, की कांडी हवेत धरली की तिकडे वाफा कोरडा दिसतो आणि तिचा फोन येतो.

मला हसू आलं आणि कीवही आली. म्हटलं, करू देत. फोन आला की मीही मागून ओरडून घ्यायचे, "वेळेवर झोपत जा गं!"

पुढच्या खेपेला ती मोठं खोकं घेऊनच आली. प्रत्येक वाफ्याच्या नळीला नवा व्हॉल्व्ह बसवला. "आता ओल कमी झाली की पाणी आपोआप सुटेल. तुम्हाला उन्हात पळायला नको, बाबा." किती हौसेने सांगत होती! हे "वा, वा" म्हणाले, पण तोंड एवढंसं झालं होतं.

ती गेली आणि फोन थांबले. हे तरी कांडी उपटायचेच. उपटली की व्हॉल्व्ह खट् वाजायचा, ठिबकमधून पाणी सुरू व्हायचं आणि हे मोबाइलकडे बघत बसायचे.

माझं डोकं फिरायचं. "जन्म गेला तुमचा शेतीत. पाणी जास्त झालं की मिरचीची मुळं सडतात, हे मी सांगायचं?"

"इतक्यांदा कोरडं दिसलं तर विचारेलच ना ती," म्हणायचे.

मी लेकीला सांगून टाकायला हवं होतं. बापाची फजिती कशाला, म्हणून गप्प बसले. त्याची आता फार हळहळ वाटते.

तीन नंबरचा वाफा आधी पिवळा पडला, मग रोपांनी माना टाकल्या. मी पाठवलेले फोटो बघून लेक रजा टाकून आली. एक रोप उपटलं, तर मुळं काळी, चिकट. ती तिथेच मातीत बसून लॅपटॉपवर तेच ते आकडे बघत राहिली. याच शेताच्या आकड्यांवर तिचं पहिलं स्वतंत्र काम उभं होतं, पुढच्या आठवड्यात ऑफिसात मांडायचं होतं.

"माझंच गणित चुकलं," ती म्हणाली. "तुमचं चांगलं शेत मी बिघडवलं." आणि रडायला लागली.

हे तिच्याजवळ गेले. "तुझं काही चुकलं नाही. कांडी मी उपटायचो."

"का?"

"तू फोन करायचीस म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "बाबा, नुसता फोन करायचात ना," एवढंच म्हणाली. मग तिने ऑफिसला कळवून टाकलं, की हे आकडे धरता येणार नाहीत, काम मांडत नाही. दुसऱ्या दिवशी निघाली. निघताना यांना नमस्कार केला, तेव्हा हे तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. घड्याळ लावून घ्यावं इतक्या नेमाने. "बाबा, कसे आहात?" हे उभे राहून फोन घेतात. "बरा आहे. पाणी व्यवस्थित चाललंय," म्हणतात, तेवढंच. काल मी मुद्दाम स्वयंपाकघरात निघून गेले, म्हटलं बोलतील दोघं. बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून डोकावले. हे फोन कानाला लावून भिंतीकडे बघत उभे होते. मग पलीकडून तिचा आवाज आला, "बरं बाबा, उद्या करते."