निळ्या व्हॅनची तीन अक्षरं

बापाला एकदा तरी हरवायचंच, असं छकुलीनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्यासाठी लबाडी करायचीही तिची तयारी होती. सरळ मार्गानं ते जमणारं नव्हतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

छकुली हे काही कागदोपत्री नाव नव्हे. पण घरात एकदा चिकटलेलं नाव माणूस गाडी चालवायला लागला म्हणून सुटत नाही. वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं. खेळ त्यांनीच काढलेला. रस्त्यात पुढे जी गाडी असेल तिच्या नंबरप्लेटवरची तीन इंग्रजी अक्षरं घ्यायची आणि ती त्याच क्रमानं ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. मध्ये दुसरी अक्षरं कितीही घुसू देत, क्रम मोडता कामा नये. आर, पी, एच आलं की छकुली ऐटीत 'ऑर्फनेज' म्हणायची. नऊ अक्षरी! सर सीटवर जरा सरकून बसत 'फोटोग्राफर' म्हणून टाकायचे. बारा अक्षरी. वर आणखी, "याहून मोठा आहे, पण तो तुझ्यासाठी ठेवलाय," अशी मखलाशी.

हरण्याचं तिला फारसं वाटत नसे. दुखणं वेगळं होतं. शिकवायचं लायसन्स तिनं पहिल्याच फटक्यात मिळवलं, त्याला वर्ष होत आलं होतं, तरी सर तिला ऑफिसातून हलू देत नव्हते. फोन घे, वेळा लाव, आलेल्यांना पाणी दे. "अजून कच्ची आहेस," एवढंच उत्तर. चढावर ट्रक मागे घेऊन दाखवणारी मुलगी कच्ची! सरांशी वाद घालून उपयोग नव्हता. मग निदान खेळात तरी त्यांच्या नाकावर टिच्चून जिंकावं, म्हणून एका संध्याकाळी तिनं डिक्शनरी घेऊन ठाण मांडलं. हातात आली ती अक्षरं एन, क्यू आणि टी. शब्द सापडला 'इन्कॉन्सिक्वेन्शियल'. पंधरा अक्षरी. आता फक्त ही अक्षरं असलेली गाडी हवी होती, आणि ती काही सांगून येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सर्व्हिसिंगहून शिकवणीची पांढरी गाडी आणायला गेले. परतताना ती चालवत होती. सर शेजारी, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक असलेल्या त्यांच्या नेहमीच्या जागी. मोठ्या सिग्नलला पुढे एक निळी व्हॅन थांबली. इतकी जवळ, की तिच्या दारावरचे ओरखडेही मोजता यावेत.

"वाच," सर म्हणाले. हल्ली वाचायचं काम तेच तिच्याकडे द्यायचे.

व्हॅनवर भलतीच अक्षरं होती. छकुलीनं ती वाचली आणि बिनधास्त ठोकून दिलं, "एन, क्यू, टी." पकडलं तर हसण्यावारी न्यायचं, असा तिचा बेत होता. सरांची नजर म्हणजे घारीची. ते एवढं मोठं खोटं पचू देतात थोडेच!

सर पुढे बघत राहिले. थेट त्या पाटीकडे. मग म्हणाले, "इन्क्विझिटिव्ह. अकरा. बोल आता."

"इन्कॉन्सिक्वेन्शियल," ती कशीबशी म्हणाली.

सरांनी बोटांवर अक्षरं मोजली आणि मांडीवर थाप मारून मोठ्यांदा हसले. "शाबास! हरवलंस की गं बापाला!"

वर्षानुवर्षं ज्या शाबासकीसाठी जीव टाकला ती पदरात पडली, पण सरांना ती पाटी दिसलीच नव्हती, हे छकुलीला कळून चुकलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या बोंबलू लागल्या तेव्हा कुठे तिचा पाय हलला. दुपारी सर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यावर नेणार होते. ती बाई इतकी भित्री, की समोरून बस आली की डोळे मिटून घ्यायची. एक डोळे मिटणारी आणि शेजारी एक, ज्याला दिसतच नाही. छकुलीनं पुढची मोकळी जागा बघून गाडी कडेला लावली.

"बाबा, मी लबाडी केली. त्या व्हॅनवर ती अक्षरं नव्हतीच."

सरांची सारवासारव सुरू झाली. "मला काय कळलं नाही होय? म्हटलं, एकदा जिंकू दे पोरीला."

"बरं. मग खरी कुठली होती?"

"गेली ना आता गाडी."

"समोरचा टेम्पो तर उभाच आहे. त्याची वाचा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मान पुढे काढली. "ओ..." म्हणाले आणि थांबले. छकुलीला वाटलं, ओरडावं. मग वाटलं, आपणच ती अक्षरं हळूच सांगून मोकळं व्हावं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"दिसत नाही गं," सर म्हणाले. "सगळं दुधी काचेतून बघितल्यासारखं."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"आणि शिकवत होता? लोक तुमच्या ब्रेकच्या भरवशावर स्टिअरिंग धरतात, बाबा!" आता मात्र तिचा आवाज चढला. "आणि मी ऑफिसात लायसन्स घेऊन बसलेय. कच्ची म्हणून!"

"कच्ची कसली," सर काचेबाहेर बघत म्हणाले. "तुझ्यासारखं शिकवणारं या गावात दुसरं कुणी नाही. शिकवताना तू माझ्यासोबत गाडीत असतीस तर पहिल्याच दिवशी पकडलं असतंस मला. म्हणून ऑफिसात ठेवलं."

छकुलीला संताप आला, रडूही आलं, आणि त्या सगळ्याखाली निर्लज्जासारखा आनंदही झाला. एक वर्ष वाया गेलं होतं आणि ते वर्षभर सरांच्या लेखी ती पक्कीच होती. तिनं तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

दुपारी डॉक्टरीणबाई पर्स छातीशी धरून फुटपाथवर उभ्या होत्या. सरांनी त्यांच्यासाठी दार उघडलं आणि स्वतः बाजूला झाले.

"सर, तुम्ही नाही येणार?" बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आजपासून मॅडम शिकवतील. रस्ता माझ्यापेक्षा त्यांना जास्त दिसतो."

छकुली शेजारच्या सीटवर बसली, पाय ब्रेकवर ठेवला, आपल्या बाजूचा आरसा नीट केला. "डोळे उघडे," तिनं बजावलं. "बस आली की माझा हात धरायचा नाही, बसकडे बघायचं. चला."

गाडी निघाली. आरशात सर हात हलवून निरोप देत होते. मागून जाणाऱ्या एका दुसऱ्याच पांढऱ्या गाडीला, अगदी मनापासून.

"हॉर्न वाजवा," छकुली म्हणाली.

"कुणी आडवं आलंय?" बाई दचकल्या.

"नाही. तरी वाजवा. जोरात."

बाईंनी वाजवला. फुटपाथवर सरांची मान फिरली आणि हात बरोबर तिच्या दिशेला वळला.