गोटेनाद

त्सुनोहामाच्या सांस्कृतिक सभागृहातला जुना पियानो वाजताना खडखडायचा. तोमोए इसुरुगीचा पियानो दुरुस्तीत तीस वर्षं हात बसलेला. तिनं आतली, तारेवर आपटणारी एक हातोडी नुसती हलवून पाहिली आणि दुखणं ओळखलं. प्रत्येक हातोडी एका बारीक पिनेवर झुलते आणि त्या पिनेच्या भोकाला आतून लोकरीच्या लाल कापडाचं अस्तर असतं. इथं ते झिजून पार विरलं होतं.

"अठ्ठ्याऐंशी हातोड्यांचं कापड बदलायचंय. तीन आठवडे लागतील," तिनं संचालक नुकादासाहेबांना सांगितलं.

साहेबांचा चेहरा पडला. "बाई, खडखड तेवढी घालवू नका हो!"

त्याचं असं झालं होतं, की राजधानीतल्या एका मोठ्या समीक्षकानं या पियानोत लाटेखाली घरंगळणाऱ्या गोट्यांचा नाद ऐकू येतो असं लिहिलं. झालं! तेव्हापासून बस भरभरून माणसं येत होती. स्टेशनवर 'गोटेनाद' नावाचे गोड पाव विकले जात होते. नगरपालिकेनं अकरा जणांची नादसंवर्धन समिती नेमली होती. त्यातल्या एकालाही वाजवता येत नव्हतं.

"मग मला बोलावलंत कशाला?"

"पुढच्या महिन्यात टोकियोचे वादक येतायत. ते म्हणतात, खडखडत्या पियानोला हात लावणार नाही. तेव्हा दुरुस्ती झालीच पाहिजे. फक्त आवाज तोच राहू द्या."

"म्हणजे दात काढायचा आणि ठणका ठेवायचा?"

"अगदी नेमकं बोललात!" म्हणत साहेबांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं.

तोमोए कामाला लागली. जुनं कापड ओलवून उकरायचं, नव्या पट्टीला टोक काढून ती भोकातून ओढायची, सरस लावायचा, वाळल्यावर पात्यानं कडा कापायच्या. मग पीन घालून हातोडी झुलवून बघायची. शेवटच्या दिवशी चार हातोड्या तिनं तशाच बाजूला ठेवल्या. म्हटलं, राहू दे थोडी खडखड, साहेबांची नोकरी राहील. पण चहा पिऊन परत आली आणि त्याही करून टाकल्या. हात ऐकेना, त्याला ती काय करणार!

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. पियानो असा स्वच्छ वाजला की मागे उभी तोमोए हळूच दाराकडे सरकली. आता बोंब होणार. वादन संपलं. समितीचे अध्यक्ष डोळे पुसत उठले.

"काय सांगू! आज तर गोटे पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाद जतन केल्याबद्दल तोमोएला व्यासपीठावर बोलावून मानपत्र देण्यात आलं. तिनं कमरेत वाकून ते घेतलं.

माणसं पांगल्यावर एक म्हातारा काठी टेकत तिच्याजवळ आला. हा पियानो शाळेत होता तेव्हा त्यावर चाळीस वर्षं शिकवणारे कोमियामा गुरुजी.

"बाई, खडखड गेली की हो!"

"गेली, गुरुजी. आतलं कापड झिजलं होतं."

"कापड?" गुरुजी मटकन खुर्चीत बसले. "अरे देवा! आणि मी पोरांना आयुष्यभर झापत आलो, नखं वाजतायत, ती कापा म्हणून."