टपालबाईंचा डावा बूट

"घ्या तुमचा बूट, आणि ठेवा काचेच्या कपाटात!"

टपालबाईंनी डावा बूट कामाच्या टेबलावर असा आपटला की खिळ्यांची डबी उडाली आणि खिळे फरशीभर झाले. बाईंच्या पायात जुनी चप्पल होती, एक हात कमरेवर होता, आणि आता त्या रडतील की भांडतील ते काही सांगता येत नव्हतं.

काका हसले. यात हसण्यासारखं काय होतं असं कुणीही विचारेल, पण काकांना सवयच ती. सोमवारी सकाळी नऊ वाजता समोर वाघ उभा राहिला असता तरी त्यांनी आधी हसून त्याला स्टूल दिलं असतं.

"का हो बाई, चावला की काय? दात तर मी बसवले नव्हते त्याला!"

"तुम्हाला सगळ्याचंच हसू येतं," बाई म्हणाल्या. "दहा दिवस दात आवळून चालले या बुटात. मग कंबर धरली ती धरलीच. चार दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं मला. आधी लंगडत का होईना, चालत तरी होते. तुम्ही मला पार बसवलंत, काका."

काकांचं हसू जागच्या जागी विरलं.

काका इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याशेजारच्या खोलीत बूट बनवायचे. बाजारातले नव्हेत. एक पाय आखूड, पाऊल आत वळलेलं, टाच जमिनीला न टेकणारी, अशा माणसांचे. एकतीस वर्षं हेच काम. अख्खं इस्पितळ त्यांना बूटकाका म्हणायचं. सकाळी दार उघडलं की रापी, आरी, हातोडी ओळीनं मांडायची, त्यांच्यावर हात ठेवायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "प्रभू, काम तुझं, हात तेवढे माझे. आज माझ्या हातून कुणाचं पाऊल दुखू देऊ नकोस." मग चर्चमधलं एखादं गाणं गुणगुणत कामाला लागायचं. काम चोख. टाका असा की मोजायला घ्यावा आणि मोजताना डोळे थकावेत.

आणि तोंडाचा पट्टा? तो तर हातांच्या आधी सुरू. त्यालाही कारण होतं म्हणा. त्यांच्याकडे यायची ती बहुतेक पोरं. इस्पितळाच्या वासानंच रडवेली झालेली. काका त्यांना भिंतीशी उभं करायचे, आखूड पायाखाली पातळ पातळ फळ्या एकेक करून सरकवायचे आणि सुरात विचारायचे, "झाली ना जमीन सपाट?" पोरं रडं विसरून ओरडायची, "झाली!" झालं, माप मिळालं.

टपालबाई मात्र सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. लहानपणीच्या तापात डावा पाय आखूड राहिलेला. हल्ली खुबा दुखायला लागला म्हणून डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं: फरक चार सेंटीमीटर. काकांनी त्यांनाही भिंतीशी उभं केलं, फळ्या सरकवल्या, चिठ्ठीतलं माप अगदी केसाइतकंही चुकलं नाही म्हणून खूश झाले आणि त्याच सुरात विचारलं, "झाली ना जमीन सपाट?"

"झाली," बाई म्हणाल्या होत्या.

मग काय! आत बुचाचे थर, वरून मऊ चामडं, उजव्या बुटाशेजारी ठेवला तर उंच आहे हे पटकन कळूही नये असा देखणा बूट झाला. एकतीस वर्षांतला सगळ्यात चांगला. काकांना तो इतका आवडला की कालच, रविवारी, चर्चमध्ये साक्ष द्यायला ते उभे राहिले. प्रभूनं या दुबळ्या हातांकडून कसा बूट करून घेतला, एक बहीण जन्मात पहिल्यांदा सरळ कशी चालू लागली, सगळं रंगवून सांगितलं. लोक "आमेन" म्हणाले. मागच्या बाकावरच्या दोन आजींनी डोळे पुसले. आणि ती बहीण तेव्हा घरी कंबर शेकत पडली होती.

"गुरुवारी आमचे साहेब माझ्याबरोबर फिरणार आहेत," बाई दाराकडे वळत म्हणाल्या. "दीडशे घरं. जमलं तर फेरी माझी. नाही जमलं तर निवृत्त होईपर्यंत आत बसून शिक्के मारायचे. बावीस वर्षं दारोदार फिरलेय मी, काका. चार भिंतींत वेड लागेल मला."

त्या गेल्या. काका खाली बसून खिळे वेचत राहिले. एकही गाणं तोंडात येईना.

संध्याकाळी घरी सगळं सांगून झाल्यावर बायकोनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ती असं पाहू लागली की काकांना धडकीच भरायची.

"अगं, माप बरोबर होतं. चिठ्ठीत चार, बुटात चार. मी विचारलंसुद्धा त्यांना!"

"काय विचारलंत?"

"हेच. झाली ना जमीन सपाट?"

"असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार?" बायको म्हणाली. "एवढे हसत, नाचत विचारता. समोरच्याला वाटतं, हा बिचारा इतका खुशीत आहे, कशाला याचा हिरमोड करा. मी नाही का चाळीस वर्षं तुमच्या हातचा चहा चांगला झालाय म्हणतेय?"

"म्हणजे?"

"चहाचं राहू द्या. अहो, तुमच्या हसण्यात दुसऱ्याला बोलायला फटच नसते. आणि काल साक्ष दिलीत ना, ती प्रभूची नव्हती. त्याचं नाव पुढे करून स्वतःचीच पाठ थोपटलीत."

काकांना राग आला. खरं बोललं की येतोच. ते तरातरा अंगणात गेले, उगीचच झाडांना पाणी घातलं, तेही सकाळी घातलेलं असताना. ज्यांच्याकडे हे काम शिकले त्या गुरूंनी हात धरून सांगितलेलं आत्ता त्यांना आठवत होतं: पोराचं हाड कोवळं, ते वळतं, मोठ्या माणसाच्या अंगानं आखूड पायाशी आयुष्यभराचा करार केलेला असतो, तो एका दिवसात मोडू नये. माहीत होतं की हे! पण चिठ्ठीतल्या चारावर चार बसवायची अशी हौस लागली होती की त्यांनी पाय मोजला आणि बाईंना विसरले. डोळ्यांत पाणी आलं. "प्रभू, चुकलो," एवढंच ते झाडांमध्ये उभं राहून म्हणाले.

मंगळवारी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या घाईत होत्या.

"बूट मापाप्रमाणे आहे ना? मग तुमची चूक नाही, काका. लिहून टाका, रुग्णाला सवय झाली नाही."

पळवाट चांगली रुंद होती, माणूस त्यातून सरळ निघून गेला असता. काका तिथेच उभे राहिले.

"नाही, बाई. माप बरोबर होतं, बूट चुकला. निम्मीच उंची द्यायला हवी होती, आणि ते मला ठाऊक होतं. तसंच लिहा."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. मग म्हणाल्या, "दोनवर आणा. पुढचं सहा महिन्यांनी बघू, जमेल तसं." आणि त्यांनी कागदावर लिहिलं की बूट बनवणाऱ्याच्या चुकीमुळे दुरुस्ती. एकतीस वर्षांत काकांच्या नावापुढे असं कधी लिहिलं गेलं नव्हतं. त्यांनी ते वाचलं आणि खाली सही केली.

तिथून ते टपाल कचेरीत गेले. बाईंना तात्पुरतं आतल्या खोलीत बसवलं होतं. खिडकी नव्हती. बाई पत्रं ओढत होत्या आणि शिक्का मारत होत्या, धप, धप, धप, वर न बघता.

"बाई, चूक माझी आहे," काका दारातूनच म्हणाले. "तुमची नाही, तुमच्या पायाचीही नाही. दुपारी एकदा याल का? नाही आलात तर बूट मी इथे घेऊन येईन."

बाई आल्या. स्टुलावर बसल्या, तोंड फिरवून. काकांनी तो देखणा बूट हातात घेतला आणि रापीनं तळाचा टाका उसवायला सुरुवात केली. स्वतःचाच टाका, आणि इतका पक्का की सुटता सुटेना. बुचाचा एक थर काढला, मग दुसरा. चामड्याला सुरकुती पडली, कडेला ठिगळ लावावं लागलं. बूट पार कुरूप झाला.

मग बाई भिंतीशी उभ्या राहिल्या. नेहमीचा प्रश्न काकांच्या जिभेच्या टोकावर आला होता. त्यांनी तो गिळला.

"कुठे काय होतंय ते सांगा," एवढंच म्हणाले, आणि गप्प बसले.

गप्प बसणं म्हणजे काय दिव्य असतं ते बडबड्या माणसालाच विचारावं. धोबीखान्यातलं यंत्र घरघरत होतं. एक विनोद आला आणि गेला. दुसरा आला, तो चांगला होता, त्यालाही जाऊ दिलं. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या.

"टाचेला लागतंय," शेवटी त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीही लागत होतं. तुम्ही एवढे आनंदात होतात, म्हटलं जाऊ दे."

काकांनी टाच घासली. पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा शांतता. अंगठ्याजवळ जरा सैल हवं होतं. मग खुब्यात ओढ बसत होती, म्हणून बाहेरची कड थोडी उतरवली. असं चार-पाच वेळा झालं. अखेर बाईंनीच तोंड उघडलं, "काका, काहीतरी बोला हो. तुम्ही असे गप्प बसलात की वाटतं, माझ्या पायाचं काही खरं नाही, इथेच उतरवून ठेवावा लागतोय!"

काका हसायला लागले. बाईही. दोघं इतके हसले की धोबीखान्यातली बाई डोकावून गेली.

"आता कसं?" हसू ओसरल्यावर काकांनी विचारलं.

बाई खोलीभर चालल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. डावं पाऊल अजून जरा हलकं पडत होतं, खांदा किंचित झुकत होता.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या.

गुरुवारी काकांना चैन पडेना. दहाच्या सुमाराला त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि बाईंची गल्ली गाठली. चोरासारखे भिंतीच्या आडून बघू लागले. बाई खांद्याला पिशवी अडकवून पुढे चालल्या होत्या. साहेब मागे. साहेबांच्या हातात वही होती, आणि काखेत घामाचे ओले डाग.

"अजून किती घरं?" साहेबांनी विचारलं.

"निम्मी झाली, साहेब. थोडं बसता का?"

साहेब खरंच एका पायरीवर टेकले. बाई पुढे निघाल्या. खट, टप. खट, टप. एक पाऊल जड, एक हलकं. तो आवाज काकांच्या कानाला खुपत होता. चार सेंटीमीटरच्या त्या बुटात असा आवाज आला नसता.

बाईंना एका बंद दारापाशी पोचायला अजून पाच-सहा पावलं होती. हात अजून पिशवीतच होता. तेवढ्यात आतून कडी निघाली. दार उघडलं, आणि एक अगदी म्हातारी बाई भिंत चाचपत उंबऱ्यात आली. तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता.

"आलीस का गं?" ती म्हणाली. "चांगले दोन-तीन आठवडे झाले, तुझं पाऊलच नाही वाजलं. दोन्ही पावलं सारखी वाजणारं कुणीतरी पत्रं टाकून जायचं, कोण ते कोण जाणे. मी आपली इथे कान लावून बसलेय."

"आले हो आजी," टपालबाई म्हणाल्या. "चला आत, पत्र वाचून दाखवते."

काका भिंतीमागे डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. आतून पत्र वाचल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा ते पाय न वाजवता मागे फिरले. कुलूप घातलेल्या त्यांच्या खोलीसमोर कुणीतरी वाट बघत असणार होतं.