दुभाषीबाईची खुर्ची

आमच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या समोर तीन खुर्च्या असतात आणि टेबलाच्या कडेला एक तिरकी. ती माझी. मूल होत नाही म्हणून दुसऱ्या बाईनं दान केलेलं अंडं घ्यायला देशोदेशीची जोडपी इथं येतात. त्यातली जी माझ्या भाषेतली असतात, त्यांचं बोलणं मी डॉक्टरबाईंना सांगते आणि डॉक्टरबाईंचं त्यांना. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि 'हे असं म्हणतात' अशी शेपटी लावायची नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं.

आणखी एक नियम आहे. ओळखीचं माणूस आलं तर उठायचं आणि दुसऱ्या कुणाला बसवायचं. त्या दिवशी दार उघडून माझा पूर्वीचा नवरा आत आला, त्याच्यामागून सासूबाई आणि सगळ्यात शेवटी त्याची नवी बायको. मी उठले नाही. उठायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

त्याला घरात बाळ म्हणायचे. आता पन्नाशीला टेकला, केस रंगवायला लागला, तरी सासूबाईंचा तो बाळच. या बाळानं आणि त्याच्या आईनं मिळून माझं जगणं नकोसं केलं होतं. पाहुण्यांदेखत वांझ म्हणायच्या सासूबाई, आणि पाहुणे नसले की पांढऱ्या पायाची. तपासण्या सगळ्या माझ्या झाल्या. बाळाची एकही नाही, कारण बाळाला काय धाड भरली होती? शेवटी एका रविवारी माझी बॅग भरून त्यांनी दारात ठेवली. बाळ आत टीव्ही बघत होता, त्यानं आवाज थोडा कमी केला इतकंच. मी या देशात आले, हॉटेलातल्या चादरी धुतल्या, भाषा शिकले आणि या खुर्चीवर येऊन बसले.

मला बघून बाळ पांढराफटक पडला. मग म्हणाला, "नमस्कार मॅडम." सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या, त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नसताना. तेरी भी चूप, मेरी भी चूप. नवीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शाळेत गणित शिकवणारी, पस्तिशीच्या पुढची, चष्मेवाली बाई. मांडीवर पर्स धरून ती माझ्याकडे बघून हसली. माझं सगळं भांडण हिच्या शेजारच्या दोघांशी होतं, हिच्याशी नव्हतं.

नवीची अंडी कमकुवत होती, ते खरंच होतं. डॉक्टरबाईंनी तिला दान केलेल्या अंड्याबद्दल नीट समजावलं. मग बाळाला विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली होती?"

"माझं सगळं व्यवस्थित आहे," बाळ म्हणाला. "माझी पहिली बायको वांझ होती. म्हणून मी तिला सोडलं."

माझ्यासमोर बसून म्हणाला. मला तोंड उघडता येणार नाही याची त्याला खात्री होती. आणि मी डॉक्टरबाईंकडे वळून, त्यांच्या भाषेत, सरळ आवाजात म्हणाले, माझी पहिली बायको वांझ होती, म्हणून मी तिला सोडलं. माझ्याच तोंडानं. माझे कान तापले. त्याच्या डोक्यात टेबलावरचा पाण्याचा जग घालावा असं मला वाटलं.

उंदराला मांजर साक्ष, तशा सासूबाईही लगेच बोलल्या. "खरंय. आता ही दुसरीही तसलीच निघाली. एवढं करून कूस उजवली नाही तर हिला माहेरी पोचवणार आहे मी. आणि बाळ, विचार रे त्यांना, अंडं चांगल्या घरचं आहे ना?"

मी यातलं सगळं सांगितलं, माहेरी पोचवण्यासकट. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून सासूबाईंकडे बघितलं. "अंडं देणारी निरोगी आहे," त्या म्हणाल्या. "घर आम्ही सांगत नाही. पण यजमानांची तपासणी झाल्याशिवाय मी कुणाचंच अंडं वापरत नाही."

बाळाला तपासणी करून घ्यावी लागली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी आधी त्याला एकट्याला आत घेतलं. पुरुषांना त्या असंच सांगतात, जरा सावरायला वेळ मिळावा म्हणून. त्यांनी विचारलं, वयात येताना गालगुंड झालं होतं का? झालं होतं, बाळ म्हणाला, महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो. मग त्यांनी सांगितलं आणि मी त्यांच्या वतीनं म्हणाले, "तुमच्या वीर्यात शुक्राणू नाहीत. दोनदा तपासलं. बहुतेक त्या आजारापासूनच नसावेत. दान केलेलं अंडं आहेच, आता शुक्राणूही दान केलेलेच घ्यावे लागतील."

हे वाक्य मी सावकाश म्हटलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते घाईघाईनं कोण उरकतं?

बाळानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्याचं 'मॅडम' म्हणणं संपलं. "अगं, ऐक," तो हळूच म्हणाला. "आईला आणि बायकोला आत बोलावतील आता. या डॉक्टरणीला आपलं बोलणं कळत नाही. ती काहीही बोलू दे, तू त्यांना सांग की दोष बायकोतच आहे. आईला हे कळलं तर मी मेलो. जुनं विसर. मी तुझ्या पाया पडतो."

खोलीत बोललेलं सगळं सांगायचं असतं. मी डॉक्टरबाईंकडे वळले आणि म्हणाले, "घरच्यांना आत बोलावल्यावर दोष माझ्या बायकोतच आहे असं सांग, अशी मी दुभाषीबाईला विनंती करतोय." जुनं काय ते विसरायचं, तेही सांगितलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्या मला काही बोलल्या नाहीत, ते नंतरवर ठेवलं.

बाळाला त्या म्हणाल्या, "बायकोला खरं माहीत नसेल तर मी उपचार करणार नाही. सांगायचं की परत जायचं ते तुम्ही ठरवा. सांगणार असाल तर तुमच्याच तोंडानं सांगा. तुम्ही काय सांगताय ते मला दुभाषीबाईंकडून कळेलच. आईंना आत घ्यायचं का?"

"आईला नको," बाळ म्हणाला. पण दार उघडताच सूनबाईच्या आधी आईच आत शिरली. तिला अडवायची हिंमत बाळात कधी नव्हती.

"थोडी अडचण आहे," बाळानं सुरुवात केली. मी ते डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"म्हणजे दोघांमध्ये थोडं थोडं..." मी सांगितलं. नाही.

"माझ्यात जरा कमी आहे." नाही.

त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी निवांत बसले होते. असं सुख मला लग्नात एकदाही मिळालं नव्हतं.

"माझ्यात काहीच नाही," तो शेवटी म्हणाला. "लहानपणापासून नाही. मला मूल होऊच शकत नव्हतं." मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "पहिलीचा काही दोष नव्हता."

मी डॉक्टरबाईंना म्हणाले, माझ्या पहिल्या बायकोचा काही दोष नव्हता. म्हणताना माझा आवाज फाटला. रडायचं नव्हतं मला, पण डोळे भरून आले, आणि त्याच्यादेखत आले याचा मला रागच आला.

सासूबाईंनी पुन्हा कॅलेंडर गाठलं. नवी मात्र विचार करत होती, फळ्यावरचं उदाहरण सोडवताना करत असेल तसा. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, डॉक्टरांना विचाराल? अंडं दुसऱ्या बाईचं. शुक्राणू दुसऱ्या पुरुषाचे. वाढवणार मी. मग मी एकटी आले तर चालेल का?"

मी विचारलं. डॉक्टरबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "चालेल. इथं बाई एकटी येऊ शकते."

मी तिला सांगितलं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि पर्सचा पट्टा खांद्याला लावला.

सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येत असावं. इतक्या वर्षांनी त्या पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "काय गं, काय म्हणाली ती डॉक्टरीण?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, वाकले आणि कानाशी मोठ्यानं सांगितलं, "बाळ लागत नाही म्हणाल्या."