दोन अक्षरांचं नाव

तिने फाइल पुन्हा उघडली, आणि पुन्हा तेच. एका जपानी मुलीचं दोन अक्षरांचं नाव. त्या जागी एडिटरने, म्हणजे तिच्याच कंपनीच्या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमने, चार भलतीच अक्षरं मांडली होती. छापखान्याने एडिटरवर विसंबून तीच शाळेच्या बिल्ल्यावर छापली. पोर पहिल्या दिवशी तो बिल्ला लावून वर्गात बसली आणि रडत घरी आली, असं तिच्या आईने कळवलं होतं.

जपानी अक्षरं साठवायच्या रीती अनेक, आणि कुठली वापरली हे फाइल काही सांगत नाही. एडिटरने आपला अंदाज बांधायचा. मजकूर लांबलचक असला की अंदाज सहसा बरोबर येतो. दोनच अक्षरं असली की मात्र दोन-दोन रीती लागू पडतात.

म्हणून तिने खटपट करून नव्या आवृत्तीत पडद्यावर उघडणारी एक चौकट घातली होती: खात्री नसेल तर एडिटरने सरळ विचारावं, यातलं कुठलं? साहेबांच्या डोळ्यांत ती चौकट खुपत होती. विचारणारं यंत्र अडाणी दिसतं, असं त्यांचं म्हणणं. ती आवृत्ती आजच ग्राहकांकडे जायची होती. ऑफिसात तिला शंकेखोर म्हणत. तिने ते नाव सार्थ करायचं ठरवलं आणि ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, चौकट काढलीय, तसं वर कळवलंयसुद्धा, तुझ्या संमतीसकट.

"माझी संमती कधी घेतली?"

"काल फोनवर. मी सगळं समजावलं, तू 'हं' म्हणालीस."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. घरी सासूबाईसुद्धा तिच्या अशाच 'हं'वर पाहुण्यांना जेवायला बोलावून मोकळ्या होत. तिथे ती गिळून गप्प बसे.

"ते 'हं' ऐकतेय म्हणून होतं, साहेब."

"ते मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार. विचारायचं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग समजुतीच्या सुरात सांगू लागले, की आता शब्द फिरवला तर वर नाचक्की होईल, पुढच्या आवृत्तीत बघू, आणि बढतीसाठी तिचं नाव याच आठवड्यात पाठवायचंय, तेव्हा जरा सबुरीने घे. तिने सगळं ऐकून घेतलं. या खेपेला हुंकारसुद्धा दिला नाही. साहेब बोलता बोलता अडखळले.

"मग मी काय समजू?"

"काही समजू नका."

ती टेबलासमोर उभीच राहिली. साहेबांनी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"ठेवायची का चौकट?"

"हो," ती म्हणाली. "आणि बढतीचं तुम्ही बघा."