जिभेखालची गोळी

देविका लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. सासूबाईंना, तुळजाबाईंना, रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा रोजच्या गोळीची जबाबदारी तिनं आपणहून घेतली. वर्षभर गोळी लागू पडली. मग पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या आणि देविकानं निकाल देऊन टाकला: गोळी पोटात जातच नाही. ती जेवणावर घ्यायची असते, आणि तुळजाबाईंचे मंगळवार काही सुटत नव्हते.

"आई, उपवासाला गोळी थुंकता ना तुम्ही?"

"न्हाई गं. भगर खाऊन घेते की."

देविकाला पटलं नाही. त्या दिवसापासून गोळीनंतर "आ करा" सुरू झालं. जीभ वर करा, गाल दाखवा. भोकरहून तुळजाबाईंची बहीण गंगम्मा आली, तेव्हाही तिनं सोडलं नाही. सगळ्यांसमोर मोबाइलची बॅटरी लावून तोंडात पाहिलं.

"बाजारात बैल बघतेत तसं बघून राहिली की गं तुझी सून," गंगम्मा म्हणाली. "दात बी मोजून घे म्हणावं."

तुळजाबाई हसल्या नाहीत. पदरानं तोंड पुसून आत गेल्या.

नांदेडला डॉक्टरांसमोर बसता बसताच देविकानं सांगून टाकलं, "आई गोळ्या चुकवतात." तुळजाबाई शेजारीच होत्या. रक्तात औषध किती उतरलंय, ते तपासायला डॉक्टरांनी रक्त पाठवलं.

पुढच्या खेपेला ते म्हणाले, "रक्तात औषध हवं तेवढं आहे. आजी गोळी नीट घेतात."

"मग गुण का येत नाही?"

"आजारी पेशींत ते टिकत नसावं. काही पेशींच्या आवरणात पंपासारखी प्रथिनं असतात. आत आलेलं औषध ती बाहेर फेकतात. अशा पेशी मरत नाहीत, वाढत जातात. दुसरी कारणंही असू शकतात, तीही तपासू. पण औषध आता बदलायचं."

देविकाचे कान तापले. हीच प्रथिनं ती दरवर्षी फळ्यावर काढायची. नको असलेल्या पाहुण्याला पेशी कशी दारातूनच वाटेला लावते, हे सांगून मुलांना हसवायची. घरात मात्र पेशीचा संशय तिला आलाच नाही. आला तो माणसाचा.

"म्हंजी मी थुंकत नव्हते ना, डॉक्टरसाहेब?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

"मग जरा हिला ऐकू जाईल असं सांगा."

परतीच्या गाडीत देविकानं माफीचं वाक्य कितीदा तरी जुळवलं. लातूर आलं तरी ते तोंडातून निघालं नाही.

रात्रीच्या जेवणानंतर तिनं नवी गोळी सासूबाईंच्या हातावर ठेवली. तुळजाबाईंनी ती पाण्याबरोबर गिळली. मग कुणी न सांगता उजेडाकडे तोंड केलं, आ केला आणि जीभ वर उचलली.

"राहू द्या, आई."

"बघून घे," तोंड जरासं मिटून त्या म्हणाल्या. "उद्या परत नांदेडला जाऊन सांगशील."

त्यांनी पुन्हा आ केला. देविकाची मान वर झाली नाही.