त्रेसष्टावा भाग

"काका, टीव्हीवर ही वनमाला कोण?"

शर्मिष्ठा मॅडमची मॅनेजर रेवती मेकअप व्हॅनमधल्या सोफ्यावर मांडी घालून रिमोट दाबत बसली होती. स्क्रीनवर सिरियल-सिनेमांच्या ॲपचे, नाव लिहिलेले चार चौकोन होते: मॅडम, मेकअप, गेस्ट आणि चौथा वनमाला. पाण्याचा जार खांद्यावर घेऊन मधुकर दारातच थबकला.

"आमच्या घरातलं आहे ते."

"घरातलं? इथे? कमाल करता हं काका! गाडीच्या शेठचा फोन होता. हे जुनं खातं तीन वाजता बंद होतंय, नवीन टाकायचंय. मॅडमचा शॉट संपायच्या आत हे सगळं उडवा ना. नाहीतर माझी वाट लागेल."

"करतो," मधुकर म्हणाला. रेवती सेटकडे पळाली. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

एकवीस वर्षं मधुकर हीच कामं करत आला होता. आज मढ, उद्या वाई, परवा इगतपुरी. जिथं शूटिंग तिथं मेकअपची गाडी न्यायची, सपाट जागा बघून लावायची, टपावर चढून अँटेना फिरवायचा आणि टीव्ही चालतोय ना ते बघायचं. नटनट्यांचा एसी बंद पडला तर एकवेळ खपतं, पण नेट गेलं की आकाशपाताळ एक करतात! सगळ्या लाइनीत त्याचं नाव होतं. मधुकर खडकातूनसुद्धा रेंज काढेल, म्हणायचे.

घरी, नाहूरला दोन खोल्यांत, त्याची बायको वनमाला एकटी. मूलबाळ नाही, त्यात हृदयाचं दुखणं. सेटवर फोन वाजला की डायरेक्टर अंगावर धावून येतो, म्हणून बाई दिवसा कधी फोन करायची नाही. मग मधुकरनेच एक युक्ती काढली. शेठला विचारून त्याने गाडीच्या खात्यात तिचं नाव घातलं आणि तेच खातं तिच्या मोबाइलवर चालू करून दिलं. एक वाजता वनमाला जेवायची, गोळी घ्यायची आणि हरवलेल्या बहिणींच्या सिरियलचा एक भाग बघायची. इकडे मधुकर, मॅडम शॉटला गेल्या की, गाडीतल्या टीव्हीवर तिचा चौकोन उघडायचा. चित्राखालची लाल रेघ पुढे सरकलेली दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. जेवली. गोळी घेतली. ठीक आहे.

घरी गेल्यावर तो मुद्दाम चिडवायचा, "काय गं, भेटल्या का तुझ्या बहिणी?"

"कसल्या भेटतात ओ! नुसतं लांबण लावलंय मेल्यांनी. पण त्या भेटल्याशिवाय मी काय सोडायची नाय."

आठ महिन्यांपूर्वी, आज गाडी उभी होती त्याच मढच्या बंगल्यासमोर, ती रेघ त्रेसष्टाव्या भागात मध्येच थांबली. वनमाला भाग कधी अर्धवट सोडायची नाही. मधुकरला हे पक्कं ठाऊक होतं. तेव्हाच कळायला हवं होतं! पण जन्मभर रेंजशी झगडलेला माणूस तो. त्याला वाटलं, मढची रेंज, दुसरं काय. टपावर चढला. अँटेना फिरवला. राउटर बंद करून चालू केला, सिम बदललं, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तासभर हेच. फोन खिशात होता आणि त्याने तो लावला नाही. शेवटी शेजारच्या सुंदराबाईंचाच फोन आला. दार तोडावं लागलं होतं.

"तासभर आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या," डॉक्टर म्हणाले.

तो तास मधुकरने कुणालाच सांगितला नाही. गाडी कुठेही असो, एक वाजता तो चौकोन उघडायचा, रेघ बघायचा आणि बंद करायचा. पुढचं बघायचा धीर व्हायचा नाही. बटण दाबलं की रेघ सरकणार आणि ती जिथवर पोचली होती ती जागा कायमची जाणार.

आज ती तशीही जाणार होती.

मधुकरने जार खाली ठेवला, हात पुसले. सोफा मॅडमचा, म्हणून तो खाली मॅटवर बसला. त्या भागाची सोळा मिनिटं बघायची बाकी होती. त्याने बटण दाबलं.

धाकटी बहीण एस. टी. स्टँडवर उभी होती. थोरली रिक्षातून उतरत होती. आता भेटणार, असं वाटत असतानाच चित्र गोठलं आणि मधोमध ते गोल चक्र फिरू लागलं.

मधुकर सवयीने उठला. बाहेर जाऊन त्याने शिडी धरली, एक पाय वर ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग पाय खाली घेतला, खिशातला फोन काढला आणि वनमालाचा नंबर लावला. त्या दिवशी लावायला हवा होता तो नंबर. फोन बंद आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. त्याने पुन्हा लावला.

"उचल गं," तो म्हणाला, "चुकलं माझं, एकदा उचल." आणि भर दुपारी, शिडीला डोकं टेकून, तो हमसून हमसून रडला.

आत चित्र आपोआप सुरू झालं होतं. तो येऊन पुन्हा मॅटवर बसला. हुकलेलं मागे घेतलं आणि उरलेलं सगळं, नावं संपेपर्यंत, नीट बघितलं.

रेवती धापा टाकत आली. "झालं का काका? मॅडम येतायत." मग तिचं त्याच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. "अय्या, काय झालं?"

"काही नाही. नाही भेटल्या बहिणी. थोरलीची चुकामूक झाली." त्याने रिमोट तिच्यापुढे धरला. "घ्या, उडवा आता. तिचं बघून झालं."

रेवतीने रिमोट घेतला. त्याच्या दुसऱ्या हातात फोन तसाच होता, वनमालाच्या नंबरावर उघडा.